दाखला निघाला, पण पोर्टलवर मूल जुन्याच शाळेत: विद्यार्थ्याची ऑनलाइन बदली कशी करायची

जून उजाडला की मुख्याध्यापकांच्या फोनवर एकच वाक्य फिरत असतं: "सर, आमचा पोरगा तुमच्याकडून रिलीज करा ना." समोरून उत्तर येतं, "अहो, दाखला तर कधीच दिलाय." दोघंही खरं बोलत असतात. दाखला कागदावर निघालेला असतो आणि पोर्टलवर मूल जुन्या शाळेतच बसलेलं असतं. नव्याने मुख्याध्यापकपदाचा प्रभार घेतलेले शिक्षक, ऑनलाइन कामं गळ्यात पडलेले सहशिक्षक आणि शाळेचे लिपिक यांच्यासाठी ही माहिती आहे. पालकांनी निदान दुसरा आणि सातवा मुद्दा वाचावा.

१. एक मूल, तीन नोंदी

महाराष्ट्रात विद्यार्थ्याची नोंद तीन ठिकाणी असते. पहिली शाळेच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे प्रवेशाच्या कायमच्या नोंदवहीत. दुसरी राज्याच्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीत, जी २०१५ मध्ये सुरू झाली. तिसरी केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलमध्ये, जिथे २०२२-२३ पासून शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी एकेका विद्यार्थ्याची माहिती भरली जाते.

या तिन्ही नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. दाखला दिला म्हणून सरलमधून नाव जात नाही. सरलमध्ये ट्रान्सफर झाली म्हणून यू-डायस प्लसमध्ये होत नाही. तीन नोंदी म्हणजे तीन बदल्या, आणि प्रत्येक ठिकाणी जुन्या शाळेने सोडायचं, नव्या शाळेने घ्यायचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

अपार आयडी काढला की बदली आपोआप होते, असा एक समज पसरलाय. तसं काही नाही. अपार ही विद्यार्थ्याची ओळख आहे आणि ती पालकांच्या लेखी संमतीने तयार होते. मूल आज कोणत्या शाळेच्या खात्यावर आहे हे यू-डायस प्लसमधल्या नोंदीवरूनच ठरतं.

२. हाताशी काय हवं

- शाळा सोडल्याचा मूळ दाखला
- सरलचा स्टुडंट आयडी (१९ अंकी)
- पेन, म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक (११ अंकी)
- जुन्या शाळेचा यू-डायस कोड (११ अंकी)
- आधार कार्डाची प्रत (१२ अंकी क्रमांक), आणि असेल तर अपार (तोही १२ अंकी)
- जुन्या शाळेने पोर्टलवर भरलेली जन्मतारीख
- मागच्या वर्षाचं प्रगतिपत्रक
- दिव्यांग विद्यार्थी असेल तर प्रमाणपत्र

अंकांची संख्या मुद्दाम दिली आहे. पेन ११ अंकी आणि यू-डायस कोडही ११ अंकी, त्यामुळे पेनच्या रकान्यात शाळेचा कोड टाकून "विद्यार्थी सापडत नाही" म्हणणारे दरवर्षी भेटतात. महाराष्ट्रातल्या शाळांचा यू-डायस कोड २७ ने सुरू होतो, पुढचे दोन अंक जिल्ह्याचे असतात. तो आधी ओळखून बाजूला ठेवा. आधार आणि अपार यांचीही अशीच गल्लत होते, कारण दोन्ही १२ अंकी.

दाखल्याच्या नमुन्यात स्टुडंट आयडी आणि यू.आय.डी. (आधार) क्रमांकाच्या जागा असतात, पेनची नसेल तर शेऱ्यात हाताने लिहून द्या. या एका ओळीने पुढच्या शाळेचे चार फोन वाचतात. पालकांनी दाखला हातात घेतानाच पेन मागून घ्यावा. "नंतर व्हॉट्सॲप करतो" म्हणून राहिलेला क्रमांक दिवाळीपर्यंत येत नाही.

यादीतला सहावा मुद्दा विचित्र वाटेल. जन्मतारीख तर दाखल्यावर असतेच, मग वेगळी कशाला? कारण पोर्टल पेनबरोबर जी जन्मतारीख मागतं ती पोर्टलवर भरलेली असावी लागते. जुन्या शाळेने भरताना दिवस आणि महिना उलटा टाकला असेल, म्हणजे ०५/०८ ऐवजी ०८/०५, तर दाखल्यावरची बरोबर तारीख टाकूनही मूल सापडणार नाही. तेव्हा जुन्या शाळेला "जन्मतारीख काय?" असं न विचारता "पोर्टल उघडून तिथे काय दिसतंय ते सांगा" असं विचारा.

३. जुन्या शाळेने आधी काय करायचं

मागच्या शैक्षणिक वर्षाचं प्रोग्रेशन पूर्ण केल्याशिवाय कोणतीही बदली सुरळीत होत नाही. यू-डायस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यापुढे दोन गोष्टी निवडाव्या लागतात: निकाल काय लागला, आणि आता तो कुठे आहे. दुसऱ्या प्रश्नाला 'याच शाळेत शिकत आहे' किंवा 'दाखला घेऊन शाळा सोडली' यांपैकी एक निवडतात.

घोटाळा इथेच होतो. अख्ख्या वर्गाचं काम एका बैठकीत उरकताना सगळ्यांपुढे 'याच शाळेत' पडतं. मग दाखला घेऊन गेलेली मुलंही पुढच्या वर्गात जुन्या शाळेतच दिसत राहतात. म्हणून संगणकापुढे बसण्याआधी दाखला नोंदवही उघडा, गेलेल्या मुलांची नावं कागदावर लिहून काढा आणि त्यांचं प्रोग्रेशन सर्वांत आधी, एकेक करून भरा. उरलेल्यांचं नंतर.

'दाखला घेऊन शाळा सोडली' निवडल्यावर विद्यार्थी ड्रॉपबॉक्समध्ये जातो. ड्रॉपबॉक्स म्हणजे एस.टी. स्टँडवरचं बाकडं समजा. एका गाडीतून उतरलाय, दुसऱ्या गाडीत अजून चढलेला नाही. नव्या शाळेने वेळेत घेतलं नाही तर तिथे बसलेलं मूल आकडेवारीत गळती म्हणून मोजलं जातं. ते रोज कुठल्या तरी वर्गात हजर असतं, पण पोर्टलच्या लेखी शाळाबाह्य.

चौथी किंवा सातवीपर्यंतच वर्ग असलेल्या जिल्हा परिषद शाळांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. तिथे शेवटचा पूर्ण वर्ग एकदम ड्रॉपबॉक्समध्ये जातो. यादी करून प्रत्येक नावापुढे 'कुठल्या शाळेत गेला' हा रकाना ठेवा आणि जुलैअखेर ड्रॉपबॉक्स उघडून किती उरले ते पाहा. तीस पोरांतली सव्वीस हायस्कूलने घेतली असतील, तर उरलेली चार कुठे आहेत हे शोधायचं काम तुमचंच. कोण मामाच्या गावी गेलंय, कोण आश्रमशाळेत, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.

४. नव्या शाळेने यू-डायस प्लसमध्ये मूल कसं घ्यायचं

नियम एकच: आधी शोधा. नवी नोंद करायचं बटण दिसतं म्हणून दाबू नका. बालवाटिका आणि पहिली सोडली तर तुमच्याकडे येणारं प्रत्येक मूल कुठल्या तरी शाळेच्या नोंदीत असतंच.

क) शाळेच्या लॉगिनने विद्यार्थी मॉड्यूल उघडा, चालू शैक्षणिक वर्ष निवडा. चुकून मागचं वर्ष उघडं राहिलं तर सगळं काम भलत्याच ठिकाणी होतं.

ख) विद्यार्थी हालचाल आणि प्रोग्रेशनच्या भागात इम्पोर्टचा पर्याय आहे. त्यात 'राज्यांतर्गत' आणि 'राज्याबाहेरून' असे दोन रस्ते फुटतात. योग्य तो निवडा.

ग) पेन आणि जन्मतारीख टाका. पेन नसेल तर आधार क्रमांकावरून पेन शोधायची सोय तिथेच आहे.

घ) विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव आणि आधीची शाळा समोर येते. आईचं नाव ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची दोन मुलं असणं ही नवलाची गोष्ट नाही.

च) स्थिती 'ड्रॉपबॉक्स' असेल तर इयत्ता, तुकडी आणि प्रवेशाची तारीख भरून इम्पोर्ट करा. तारीख जनरल रजिस्टरला आहे तीच टाका, पोर्टलवर काम केलेल्या दिवसाची नको.

छ) स्थिती 'ॲक्टिव्ह' असेल तर जुन्या शाळेने सोडलेलं नाही. रिलीज रिक्वेस्ट टाका. ती जुन्या शाळेच्या लॉगिनला जाते, त्यांनी मान्य केली की मूल तुम्हाला घेता येतं. रिक्वेस्ट टाकून गप्प बसू नका, फोन करा. पोर्टल रोज उघडून पाहणाऱ्या शाळा कमीच.

इम्पोर्ट झालं म्हणजे काम संपलं नाही. सामान्य माहिती, प्रवेशाची माहिती आणि मिळणाऱ्या सुविधा असे तीन भाग प्रत्येक मुलासाठी पुन्हा तपासून पूर्ण करावे लागतात. जनरल रजिस्टर क्रमांक तुमच्या शाळेचा घाला, माध्यम आणि विषय बदला. दिव्यांगत्वाची नोंद जुन्या शाळेने केलीच नसेल, तर ती करायची वेळ हीच. ती राहिली की मुलाचे भत्ते आणि सवलती अडतात.

घाईत नवी नोंद केली तर काय होतं? एका मुलाला दोन पेन होतात. आधार पहिल्या पेनला जोडलेलं असतं, म्हणून दुसऱ्या नोंदीला ते लागत नाही आणि अपारही निघत नाही. दहावी-बारावीच्या बोर्डाची आवेदनपत्रं पेनवरून भरली जातात, त्यामुळे पाचवीत केलेली चूक दहावीत ऐन फॉर्मच्या तारखांना उगवते. दुबार नोंद लक्षात आली तर जुना पेन ठेवायचा आणि नंतरची नोंद काढण्यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात पोर्टलची माहिती सांभाळणाऱ्या एमआयएस समन्वयकांकडे लेखी मागणी करायची. दोन्ही पेन, दाखल्याची प्रत आणि आधारची प्रत जोडा.

५. सरलमध्ये ट्रान्सफर

इथे सुरुवात नवी शाळा करते. सरलच्या स्टुडंट पोर्टलवर ट्रान्सफरमध्ये जाऊन विद्यार्थी शोधायचा, रिक्वेस्ट पाठवायची, जुन्या शाळेने ती मान्य करायची. १९ अंकी आयडी असेल तर दोन मिनिटांचं काम. नसेल तर जुन्या शाळेचा यू-डायस कोड, इयत्ता आणि नाव यांवरून शोधावं लागतं, आणि मग नावातल्या एका अक्षराने अर्धा तास जातो.

जुन्या शाळेच्या यादीत मूल नसेल तर दोन शक्यता धरा. एक, मधल्या एखाद्या शाळेने ते आधीच घेतलंय. दोन, ते 'आउट ऑफ स्कूल' यादीत टाकलं गेलंय, तिथून घ्यावं लागेल. दोन्ही शक्यता पडताळल्याशिवाय इथेही नवी नोंद नको.

सरल महत्त्वाचं का, हे नव्या माणसाला चटकन कळत नाही. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संच मान्यतेत ठरतं, आणि संच मान्यतेत मोजली जातात ती पोर्टलवरची, आधार व्हॅलिड असलेली, म्हणजे आधारची पडताळणी झालेली मुलं. पटावर बसलेलं पण पोर्टलवर न आलेलं मूल तिथे मोजलं जात नाही. दोन-तीन मुलांच्या फरकाने शिक्षक अतिरिक्त ठरल्याची उदाहरणं शिक्षकांच्या कुठल्याही बैठकीत ऐकायला मिळतील. म्हणून ३० सप्टेंबर ही पट मोजायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा, आणि काम ऑगस्टमध्येच संपवा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राज्यभरच्या शाळा एकदम लॉगिन करतात, तेव्हा पान उघडायलाच चहा होतो.

६. नाव: सगळ्यांत जास्त वेळ खाणारी गोष्ट

'ज्ञानेश्वरी' हे नाव घ्या. मराठीत त्यात काही वाद नाही. रोमन लिपीत शाळेने ते डी-एन-वाय असं सुरू केलेलं असतं. आधार केंद्रावरच्या ऑपरेटरने जी-वाय ने केलेलं असतं. यंत्राच्या लेखी या दोन वेगळ्या मुली. 'ऋतुजा'चंही तेच: कुणी आर-यू लिहितं, कुणी आर-आय. 'शिंदे'च्या शेवटी कुणी ई लावतं, कुणी ए. त्यात दाखल्यावर आपली पद्धत आडनाव आधी लिहायची, म्हणजे 'पाटील ज्ञानेश्वरी', आणि आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. आधारवर वडिलांचं नाव मधे असेल-नसेल त्याचा भरवसा नाही.

आधार पडताळणी नापास होते ती बहुतेक अशाच कारणांनी. कामाचा क्रम असा ठेवा:

आधी जनरल रजिस्टर पाहा. शाळेच्या दृष्टीने मूळ नोंद तीच. मग आधार कार्ड शेजारी ठेवा आणि रोमन अक्षरं एकेक करून, बोट ठेवून वाचा.

फरक फक्त रोमन स्पेलिंगचा किंवा नावाच्या क्रमाचा असेल तर पोर्टलवर आधारप्रमाणे करून घ्या. त्याने रजिस्टरला धक्का लागत नाही, कारण तिथलं नाव देवनागरीत आहे.

फरक नावाचाच असेल, किंवा जन्मतारखेचा असेल, तर थांबा. आधार चुकलंय की रजिस्टर, हे जन्मदाखल्यावरून ठरवा. आधार चुकलं असेल तर पालकांना आधार केंद्रावर पाठवा. रजिस्टर चुकलं असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय त्यात खाडाखोड करू नका. "एवढं काय, एक आकडा तर बदलायचाय" असं म्हणून व्हाइटनर लावलेलं रजिस्टर पुढे जात पडताळणीत त्या मुलालाच आडवं येतं. ही दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्यायची. दाखला निघाल्यावर ती फार अवघड होऊन बसते, म्हणून जुन्या शाळेने दाखला लिहिण्याआधी एकदा आधारशी ताळा करावा हे बरं.

आणखी एक. निळं बाल आधार पाच वर्षांपर्यंतचं असतं आणि त्यात बोटांचे ठसे घेतलेले नसतात. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक अद्ययावत करावं लागतं. पहिलीत आणि नववी-दहावीत पडताळणी अडली तर नाव तपासतानाच हेही विचारा.

७. जुनी शाळा दाद देत नसेल तर

मूल ६ ते १४ वयोगटातलं असेल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम ५ लक्षात ठेवा. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला हे कारण सांगून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. मुद्दाम उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे मूल आधी वर्गात बसवायचं, पोर्टलचं मागाहून बघायचं. "आधी तिकडून रिलीज करून आणा, मग प्रवेश देतो" असं पालकाला सांगणं चूक आहे. रिक्वेस्ट टाकणं हे शाळेचं काम, पालकाकडे लॉगिनच नसतं.

पुढची चढण अशी: रिक्वेस्ट टाका, मुख्याध्यापकांना फोन करा. दोन-चार दिवसांत हालचाल नाही तर जुन्या शाळेच्या केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) कळवा. तिथेही नाही तर आपल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत त्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या. पत्रात विद्यार्थ्याचं नाव, पेन, स्टुडंट आयडी, दोन्ही शाळांचे यू-डायस कोड, रिक्वेस्टची तारीख आणि स्क्रीनशॉट हवा. "वारंवार सांगूनही" अशी भाषा नको, तारखा लिहा.

फी बाकी आहे म्हणून खासगी शाळा रिलीज अडवून धरतात, हे सर्रास घडतं. फीचा वाद पालक आणि शाळा यांच्यातला आहे, मुलाची नोंद त्यात ओलीस ठेवायची वस्तू नाही. अशा वेळी तोंडी हुज्जत न घालता दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पोच जोडून शिक्षणाधिकारी कार्यालयात तक्रार करा.

८. ऊसतोडीला जाणारी मुलं

बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या मुलांची कायमची बदली करून टाकायची घाई करू नका. यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. गावची शाळा ते भरून देते, त्यात मुलाची इयत्ता आणि प्रगती असते, आणि कारखान्याजवळची शाळा ते पाहून मुलाला दाखल्याशिवाय वर्गात घेते. परतताना तिथली शाळा आपली नोंद करून पत्रक परत देते.

पत्रकावर पेन आणि दोन्ही मुख्याध्यापकांचे फोन नंबर लिहा. मूल नक्की कोणाच्या पोर्टलवर राहणार हे फोनवर ठरवून घ्या, नाहीतर नोव्हेंबरात एक शाळा त्याला खेचते, मार्चमध्ये दुसरी, आणि मधल्या एखाद्या टप्प्यावर ते ड्रॉपबॉक्समध्ये पडून राहतं. आणि पालक टोळीबरोबर निघायच्या आधी पत्रक त्यांच्या हातात पडायला हवं. ट्रक रात्री निघतो, शाळा सकाळी उघडते.

९. राज्याबाहेरून येणारं किंवा जाणारं मूल

सरल महाराष्ट्रापुरतं आहे. बेळगावातून चंदगडला आलेल्या मुलाकडे कर्नाटकच्या एसएटीएस या विद्यार्थी-नोंद प्रणालीचा क्रमांक असेल, मध्य प्रदेशातून आलेल्याकडे त्या राज्याचा समग्र आयडी असेल. त्यांचा सरलमध्ये उपयोग नाही. राज्याबाहेरून पहिल्यांदाच आलेल्या मुलाची सरलमध्ये नवी नोंद करावी लागते. आणि हो, पूर्वी कधी महाराष्ट्रात शिकून गेलं असेल तर ते शोधायला विसरू नका.

यू-डायस प्लस मात्र देशभर एकच असल्याने पेन सगळीकडे चालतो. सावंतवाडीहून पेडण्याला गेलेलं मूल गोव्याची शाळा 'राज्याबाहेरून' या रस्त्याने घेऊ शकते. मात्र दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा. ती मागितली जाते, आणि गाव सोडल्यावर त्यासाठी परत यायला लागणं म्हणजे दोन दिवसांची रजा आणि गाडीभाडं.

१०. पोर्टलवरून काय जात नाही

बदलीबरोबर मुलाची ओळख, इयत्ता आणि मूलभूत माहिती जाते. कुठला धडा राहिला, वाचन कोणत्या पातळीवर आहे, कानाला कमी ऐकू येतं म्हणून पुढच्या बाकावर बसवायचं, यातलं काहीही जात नाही. प्रगतिपत्रक आणि वर्णनात्मक नोंदींची प्रत दाखल्यासोबत द्या, आणि वर्गशिक्षकाचा नंबर.

लॉगिनबद्दल थोडकं. पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नका. मुख्याध्यापक बदलले की त्याच दिवशी नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदला, नाहीतर ओटीपी निवृत्त सरांच्या फोनवर जातो आणि ते नातवाबरोबर फिरायला गेलेले असतात. मुलांच्या आधार कार्डांचे फोटो केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय तर आजच मोडा. ज्याला हवं त्या एकाच माणसाला पाठवा आणि काम झाल्यावर दोन्हीकडून काढून टाका.

ऑगस्टअखेर एक दुपार राखून ठेवा. हजेरीपट, सरलची यादी आणि यू-डायस प्लसची यादी शेजारी शेजारी ठेवून वर्गवार टिक करा. हजेरीपटात आहे पण यादीत नाही त्याला लाल, यादीत आहे पण वर्गात नाही त्याला निळा. लाल नावं तुम्ही मागायची आहेत, निळी तुम्ही सोडायची आहेत. निळी आधी सोडा, कारण तुमच्या निळ्याची कुठल्या तरी दुसऱ्या शाळेत कुणीतरी लाल म्हणून वाट बघत असतं.